गॅस की डिझेल?

मोठी गाडी घ्यायची हे घरात ठरायला आम्हाला तीन वर्षं लागली. ती कशावर चालणारी घ्यायची हे ठरायला आणखी पाच महिने. पहिल्या तीन वर्षांत कोणी आवाज चढवला नव्हता. नंतरच्या पाच महिन्यांत मात्र रोज रात्री जेवताना ताटात भाजी कोणतीही असो, तोंडी लावायला पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी असायचंच. :-)

नातेवाइकांपैकी निम्म्यांनी फोनवरून या वादात हिरिरीने भाग घेतलाय. त्यामुळे "मग शेवटी काय ठरलं रे?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला वेगळं देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. आणखी कोणाच्या घरी हाच घोळ चालू असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी माणसं. घरात आम्ही सात. आई, बाबा, आत्या (बाबांची धाकटी बहीण, काका गेल्यापासून आमच्याकडेच असते), आम्ही दोघं आणि दोन मुलं. राहायला ठाकुर्ली पूर्वेला, तळमजल्यावर. आत्तापर्यंत २००९ सालची एक छोटी पेट्रोल गाडी होती. २०२४ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा पुनर्नोंदणी केली, ग्रीन टॅक्स भरला आणि आणखी पाच वर्षं चालवू म्हटलं. इंजिन अजून ठणठणीत आहे. अडचण इंजिनाची नव्हतीच.

अडचण सीटच्या उंचीची होती. २०२२ पासून आईचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. डोंबिवलीत, घरडा सर्कलच्या पलीकडे, घरापासून साधारण तीन किलोमीटर. जाताना ती बरी असते. चार तासांनी बाहेर येते तेव्हा रक्तदाब खाली गेलेला असतो, पायांत त्राण नसतं, आणि छोट्या गाडीच्या खोल सीटवरून तिला उठवणं म्हणजे विहिरीतून घागर ओढण्यासारखं. रिक्षाची सीट उंच असते, पण ठाकुर्ली-डोंबिवलीच्या रस्त्यांवर रिक्षाचे धक्के त्या अवस्थेत नकोत. गेल्या वर्षापासून घडीची व्हीलचेअरही बरोबर न्यावी लागते. म्हणजे दार मोठं हवं, सीट कमरेच्या उंचीची हवी, आणि मागे व्हीलचेअर मावायला हवी. सात सीटांची गाडी घ्यायचं कारण हे होतं. गणपतीला सगळ्यांनी एकत्र देवरुखला जाणं हे दुसरं कारण. गंमत अशी की वाद सगळा दुसऱ्या कारणावरून झाला!

बाबांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. मोठी गाडी म्हणजे डिझेल. यात चर्चेला जागाच नाही.

यामागे त्यांची सगळी नोकरी आहे. बाबा रेल्वेत लागले ते चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं वीजकेंद्र होतं. १९२९ मध्ये सुरू झालेलं, दगडी कोळशावर चालणारं. मुंबईच्या लोकलना आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना तिथून वीज जायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते बंद झालं आणि बाबांची बदली कल्याणच्या डिझेल शेडला झाली. तिथे ते निवृत्त होईपर्यंत डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनांची पोटं उघडत राहिले. कोळशाची राख सोडून डिझेलच्या वासात आलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने पेट्रोल हे स्कूटरचं इंधन, आणि गॅस स्वयंपाकघरातला.

आणि खरं सांगायचं तर त्यांची पिढी चूक नव्हती. आमच्या देवरुखच्या चुलतकाकांकडे टाटा सुमो होती. ही गाडी १९९४ मध्ये आली, पुण्यात बनायची, आणि तिचं नाव जपानी पैलवानावरून पडलेलं नाही. ते सुमंत मूळगावकरांच्या नावातून घेतलं आहे, सुमंतचा 'सु' आणि मूळगावकरांचा 'मो'. (हे ऐकल्यावर आमच्या धाकट्याचा विरस झाला.) काकांच्या सुमोत दहा माणसं सहज बसायची, लग्नात चौदाही बसलेली मी पाहिली आहेत. संगमेश्वर स्टेशनावरून माणसं आणायची, बाजाराला न्यायची, कोणी आजारी पडलं तर रत्नागिरीला. गाडी दिवसभर पळत असायची आणि भरलेली असायची. अशा गाडीला पेट्रोल घालणं म्हणजे घर विकायला काढणं.

लोक विसरतात, पण डिझेल-पेट्रोलचा हा प्रश्न आपल्या शेजारीही येऊन गेलेला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे फ्रेंच प्युजो कंपनीच्या भागीदारीत '३०९' नावाची गाडी निघायची, पेट्रोलवरही आणि डिझेलवरही. १९९७ च्या सुमारास प्युजोने गाशा गुंडाळला. पण त्यांचं ते दीड लिटरचं डिझेल इंजिन इतकं बरं होतं की पुढे मारुतीने तेच झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत बसवलं. आमच्या शेडमधल्या एका साहेबांकडे ती '३०९' होती असं बाबा अजून आदराने सांगतात. डिझेलचीच, अर्थात.

पण त्या काळच्या शहाणपणाचा निम्मा भाग इंजिनात नव्हता, पंपावरच्या पाटीवर होता. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. बत्तीस रुपयांचा फरक! डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होतं, पेट्रोलचा २०१० मध्येच सोडला होता. त्याच वर्षी अर्टिगा आली आणि जो तो डिझेलच्या अर्टिगासाठी नंबर लावून बसला. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत अर्ध्याहून जास्त डिझेलच्या होत्या. मग २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वाढत गेलं, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचाही भाव मोकळा झाला. २०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने मुंबई-ठाणे पट्ट्यातला व्हॅट कमी केला, त्यानंतर आमच्याकडे पेट्रोल १०४ च्या आसपास आणि डिझेल ९० च्या आसपास असं चित्र होतं. म्हणजे फरक राहिला चौदा रुपयांचा.

"चौदा काय कमी आहेत?" बाबा म्हणाले.

कमी नाहीत. पण त्यासाठी आधी किती मोजायचे ते बघायला हवं. एकाच मॉडेलची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाख-दीड लाखाने महाग. वर आपल्या राज्यात डिझेल गाडीला एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. शिवाय निवडायलाही फारसं उरलेलं नाही. मारुतीने १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम आले तेव्हा डिझेल बंदच केलं. नवी इनोव्हा हायक्रॉस आली ती फक्त पेट्रोल आणि पेट्रोल-हायब्रिड. (हायब्रिड घे असं सुचवणाऱ्या पुण्याच्या मावसभावाला एवढंच सांगतो की कल्पना उत्तम आहे, उरलेले पैसे तू दे.) डिझेलमध्ये आमच्या आवाक्यात राहिली ती किआची कॅरेन्स आणि महिंद्राच्या एकदोन गाड्या. कॅरेन्स आम्ही चालवून पाहिली. गाडी झकास आहे. सात माणसं घेऊन पत्रीपुलाचा चढ अशी चढली की बाबांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झाला.

मी जवळजवळ डिझेलकडे झुकलो होतो. मग दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट म्हणजे डीपीएफ. बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक गाळणी असते. डिझेलच्या धुरात काजळी असते, ती ही गाळणी धरून ठेवते. कंदिलाची काच जशी काजळते तशी तीही भरत जाते. भरली की गाडी आपण होऊन थोडं जास्त डिझेल सोडते, नळीतला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि अडकलेली काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात पळती राहावी लागते. हायवेवर हे आपोआप होतं, कळतही नाही. तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते होतच नाही. इंजिन नीट तापायच्या आधी आपण पोचलेलो असतो. मग दिवा लागतो, मग गॅरेजवाला म्हणतो एकदा पडघ्यापर्यंत फिरवून आणा. तेवढ्यानेही नाही भागलं तर मोठा खर्च. आमच्या सोसायटीत एकांकडे डिझेल गाडी आहे. ते दर रविवारी सकाळी एकटेच भिवंडी बायपासला चक्कर मारून येतात. मला वाटायचं हौस असेल.

हे सगळं मी बाबांना जपून जपून सांगत होतो. तोच ते म्हणाले, "त्यात नवीन काय आहे? इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं की घाण होतंच. शेडमध्ये दिवसभर आयडलिंगला उभं असलेलं इंजिन लगेच ओळखू यायचं. चिमणीतून तेल आणि काजळी. त्याला लोड द्यायला लागतो. आम्ही लोड बॉक्सवर लावून तासभर दाबून चालवायचो, तेव्हा कुठे ते मोकळं व्हायचं."

बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, "मग बाबा, ठाकुर्ली ते घरडा सर्कल लोड कसला?"

बाबा काही बोलले नाहीत. ताक प्यायले आणि उठले.

दुसरी गोष्ट बायकोची डायरी. ती जुन्या गाडीचा हिशोब ठेवते: पेट्रोल कधी, किती, किलोमीटर किती, कुठे गेलो. मी या सवयीची पूर्वी चेष्टा करायचो, आता करणार नाही. तिने गेल्या वर्षभराची पानं काढली आणि बेरीज केली. वर्षाला ७,४०० किलोमीटर. त्यातले लांबचे, म्हणजे देवरुख, पुणे, नाशिक मिळून, २,८००. उरलेले ४,६०० ठाकुर्ली, डोंबिवली आणि कल्याणच्या आत. आणि त्यातले अठराशे-एकोणीसशे नुसते आईचे. सोडायला जा, परत ये, आणायला जा, परत ये. दिवसाला बारा किलोमीटर, आठवड्याला तीन दिवस. बारा किलोमीटर म्हणजे चार फेऱ्या आणि चार वेळा गार इंजिन चालू करणं.

आपण सात सीटांच्या गाडीचं स्वप्न बघतो तेव्हा डोळ्यांसमोर कशेडी असते, हिरवे डोंगर, मागच्या सीटवर गाणी म्हणणारी मुलं. डायरी वेगळंच सांगत होती. ही गाडी वर्षातले दीडशे दिवस एका माणसाला घेऊन तीन किलोमीटर जाणार आणि येणार होती.

मग रीतसर हिशोब केला. गोल आकडे धरले: पेट्रोल १०४, डिझेल ९०, सीएनजी किलोला ८०. ॲव्हरेज कंपनीचं न धरता शोरूमबाहेरच्या माणसांना विचारून धरलं. आमच्या गर्दीत पेट्रोल १२, डिझेल १४, सीएनजी किलोला १८. हायवेला अनुक्रमे १८, १९ आणि २४. वर्षाचं इंधन पेट्रोलचं झालं ५६ हजार, डिझेलचं ४३ हजार, सीएनजीचं ३० हजार. म्हणजे डिझेलने वर्षाला तेरा हजार वाचतात आणि वरचे दीड लाख फिटायला अकरा वर्षं लागतात. सीएनजीने वर्षाला सव्वीस हजार वाचतात. अर्टिगाच्या सीएनजी मॉडेलला पेट्रोलपेक्षा साधारण ९५ हजार जास्त पडतात, रोड टॅक्स मात्र कमी आहे. (२०२५ च्या जुलैत तोही एक टक्का वाढवला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच.) म्हणजे चार वर्षांच्या आत फिटतात. ज्या घरात दर महिन्याला डायलिसिस, इंजेक्शनं आणि तपासण्यांची बिलं येतात, त्या घरात सव्वीस हजार हा आकडा नुसता कागदावरचा नसतो.

धाकटा भाऊ कळव्याला असतो, तो पहिल्यापासून गॅसवाला. हिशोब फोनवर ऐकल्यावर म्हणाला, "दादा, मी काय सांगत होतो?" मी म्हटलं थांब, तू अजून डिकी उघडून बघितली नाहीस.

कारण गॅसचा सगळा स्वस्तपणा डिकीत बसलेला असतो. सात सीटांच्या गाडीत तिसऱ्या रांगेमागे आधीच जागा वीतभर, त्यात साठ लिटरचं सिलिंडर आडवं. सामान टपावर कॅरिअर लावून जाईल एक वेळ, पण व्हीलचेअर? ती दर फेरीला काढायची-घालायची. टाटाने २०२३ पासून छोट्या गाड्यांत दोन बारीक सिलिंडर डिकीच्या तळाशी घालून जागा वाचवली आहे, पण त्या पाच सीटांच्या. आमच्या कामाची सात सीटांची तशी मिळेना.

दुसरी अडचण आत्याने काढली, आणि ती मला सुचलीच नव्हती. सीएनजी भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं. नियमच आहे, आणि बरोबरच आहे, दोनशे बारच्या दाबाने गॅस भरत असताना आत कोणी बसू नये. पण आमच्या आईला डायलिसिसनंतर उतरवून पंपावर उभं करायचं? म्हणजे आई गाडीत असताना गॅस भरायचा नाही, हे आधीच लिहून ठेवायला हवं. टाकीत खरोखरचा गॅस मावतो आठ-नऊ किलो. आमच्या गर्दीत दीडशे किलोमीटर. म्हणजे आठवड्या-दीड आठवड्याने एकदा रांग. आमच्याकडे रांग किती असते ते शीळ रोडवरून जाणाऱ्यांना सांगायला नको, रिक्षांची शेपटी पंपाबाहेर रस्त्यावर आलेली असते. त्यावर बायकोचं उत्तर तयार होतं: रात्री अकरानंतर जायचं, पंधरा मिनिटांत भरून होतं. तिने दोन रात्री स्कूटरवरून जाऊन रांगा बघून आलेली होती! मी अशा बाईशी कशाला वाद घालू?

तिसरी अडचण म्हणजे गॅस मिळालाच नाही तर. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रॉम्बेला मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्यातले पंप कोरडे पडले, ते आठवत असेल. त्या सोमवारी आमच्या स्टँडवर रिक्षा नावालाच होत्या. आम्ही जुन्या पेट्रोल गाडीने वेळेवर पोचलो, पण आईच्या सेंटरमध्ये रोज रिक्षाने येणारे दोघं-तिघं तास-दीड तास उशिरा आले. डायलिसिसच्या मशीनला पुढचा पेशंट ठरलेला असतो. एकाचा उशीर पुढच्या सगळ्यांना लागतो. आई घरी येऊन म्हणाली, "आज सगळ्यांचं गणित बिघडलं." भावाचा गॅसवरचा विश्वास त्या दिवशी थोडा हलला. पण नीट विचार केला तर कंपनीतून येणारी सीएनजी गाडी पेट्रोलवरही चालते. एक बटण दाबायचं. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय आला कारण त्यांच्याकडे दुसरी मोठी टाकी नव्हती. अर्टिगात पेट्रोलची टाकी पूर्ण मापाची असते. त्यामुळे ती घटना गॅसच्या विरोधात न जाता आमच्या घरात उलट बाजूने मोजली गेली: दोन इंधनांची गाडी कधीच अडत नाही.

घाटाचंही तसंच. गॅसवर ताकद कमी पडते हे खरं आहे, अर्टिगा पेट्रोलवर १०३ पीएस देते तर गॅसवर ८८. सहा माणसं आणि एसी लावून परशुराम घाटात ते जाणवणारच. तिथे बटण दाबून पेट्रोलवर जायचं. आता कशेडीला बोगदाही झालाय. वर्षातून चार वेळा एवढं जमायला हरकत नाही.

नुसतं पेट्रोल घ्यायचं हाही पर्याय होताच, आणि मी शेवटपर्यंत तो धरून होतो. डिकी मोकळी, रांग नाही, गाळणी नाही, लहान फेऱ्यांना पेट्रोल इंजिन सगळ्यात कमी कुरकुरतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने ॲव्हरेज थोडं उतरतं, पण नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत. आत्याच्या सासरी, कराडकडे, ऊस आहे. ती म्हणते, "बरंच आहे की, आपलाच ऊस आपल्याला ओढतोय." पण वर्षाला सव्वीस हजार. पाच वर्षांत सव्वा लाखाच्या वर. डिकीच्या रिकाम्या जागेचं एवढं भाडं द्यायचं का?

या सगळ्यात एकच व्यक्ती काही बोलली नव्हती. शेवटी मी आईला विचारलं, तुला काय वाटतं. ती वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "मला नीट चढता-उतरता आलं म्हणजे झालं. बाकी तुम्ही त्यात रॉकेल घाला."

मग आम्ही एक शहाणपणाचं काम केलं. व्हीलचेअर घेऊन शोरूमला गेलो. आई, बायको, मी, व्हीलचेअर आणि टेप. विक्रेता पोरगा बिचारा सनरूफबद्दल सांगायला लागला होता (त्या मॉडेलला सनरूफ नाही, तो दुसऱ्या गाडीचं सांगत होता), त्याला म्हटलं आधी मागचं दार उघड. सीएनजी मॉडेलची तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते. डावा अर्धा भाग दुमडला, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या, तर घडी केलेली व्हीलचेअर त्यावर आडवी बसली. दुसऱ्या बाजूला एक माणूस आरामात. आई मधल्या रांगेत तीनदा चढली, तीनदा उतरली. तिसऱ्यांदा माझा हात न धरता.

म्हणजे व्हीलचेअरसकट गाडीत सहा माणसं. घरात सात. दीडशे दिवस हा प्रश्न येतच नाही. प्रश्न गणपतीचा, आणि उन्हाळ्यात एकदा. तेवढ्यासाठी डिझेल घ्यायचं, की पेट्रोल, की टपावर व्हीलचेअर बांधायची, यावर त्या रात्री पुन्हा सभा भरली. मुलगी म्हणाली मी धाकट्याला मांडीवर घेते. धाकटा अकरा वर्षांचा आहे, त्याने निषेध नोंदवला.

बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मी ट्रेनने येणार."

आम्ही सगळे एकदम "नाही हो बाबा" वगैरे म्हणायला लागलो. त्यांनी हात वर केला. "मला पास आहे. दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडतो, संगमेश्वरला उतरतो. तुम्ही माणगावला ट्रॅफिकमध्ये असाल तेव्हा मी घरी पोचलेला असेन. आणि कोकण रेल्वेवर आता विजेचं इंजिन आहे, तेही एकदा नीट बघून घेतो." कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी तो मार्ग डिझेलचा होता, आणि घाटातल्या त्या इंजिनांच्या आवाजावरून बाबा डबा न उघडता सांगायचे की कोणता सिलिंडर नीट मारत नाही. त्यांनी हे वाक्य इतक्या सहज म्हटलं की त्यात डिझेलचा पक्ष सोडल्याची घोषणा होती हे मला रात्री झोपताना लक्षात आलं. आत्या म्हणाली मीही येते, एकट्याला कोण सोडतंय. म्हणजे गाडीत पाच आणि व्हीलचेअर, आणि आंब्याच्या पेट्यांना एक सीट रिकामी!

तर मंडळी, सीएनजी अर्टिगा बुक केली आहे. रंग आत्याने निवडला, चंदेरी, कारण धूळ दिसत नाही. जुनी गाडी भाऊ नेतोय, त्याला अजून चारेक वर्षं पेट्रोलची चैन परवडेल म्हणे. बायकोने नवी डायरी आणली आहे. पहिल्या पानावर नियम: आई गाडीत असताना गॅस भरायचा नाही, रविवारी आणि मंगळवारी रात्री अकरानंतर जायचं, पेट्रोलची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर पंपावर गॅस देत नाहीत. त्या पहिल्या तपासणीचा महिना आणि वर्ष तिने शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय, आणि खाली कंसात: आईचा वार सोडून.